एक माणूस, दोन नंबर

(दृश्य: रात्र. नोंदणीची खिडकी. स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज.)

रात्रीचे सव्वादोन. स्ट्रेचरवर बेशुद्ध माणूस. सोबत कोणी नाही, खिशात कागद नाही. खिडकीतला कर्मचारी टाइप करतो, 'अज्ञात पुरुष, वय अंदाजे ५०', आणि सिस्टीम नवा नंबर देते. रक्ताचे नमुने त्याच नंबरावर जातात, एक्स-रेही त्याच नंबरावर निघतो.

पहाटे भाऊ येतो, नाव कळतं. हा माणूस पूर्वी इथेच दाखल होता. त्याचा जुना नंबर सापडतो आणि जुन्या फाइलीत लाल अक्षरांतली नोंद: पेनिसिलिनची ॲलर्जी.

आता दोन नंबर एक करायचे. रुग्ण-नोंदणीच्या सॉफ्टवेअरची रचना कशी असावी, हे मी तरी याच क्षणावर पारखतो.

(दृश्य: स्क्रीनवर दोन नोंदी शेजारी शेजारी.)

बटण एकच दाबायचं, पण खबर प्रयोगशाळेला, औषध विभागाला, एक्स-रेला, बिलिंगला पोचायला हवी. हे निरोप बहुतेक ठिकाणी एचएल७ या प्रमाणित भाषेत जातात. ती ठरवणारी, त्याच नावाची संस्था १९८७ सालची. प्रत्येक निरोपाला खुणेचा क्रमांक: रुग्ण दाखल झाला की ए०१, वॉर्ड बदलला की ए०२, घरी गेला की ए०३. दोन नोंदी एक झाल्या की ए४०. पहिले तीन सगळे तपासून घेतात. ए४० मात्र 'नंतर बघू' म्हणून राहतो. औषध विभागाच्या सिस्टीमने तो मुकाट्याने गिळला, तर तिथे ॲलर्जीचा रकाना रिकामाच. आणि चुकून दोन वेगळी माणसं एक झाली, तर ती परत सोडवायची कशी? जुनी नोंद पुसून टाकली असेल तर सोडवताच येत नाहीत.

हल्ली चाल आहे मायक्रोसर्व्हिसेसची, म्हणजे एका मोठ्या प्रोग्रामऐवजी छोटे छोटे स्वतंत्र प्रोग्राम. रुग्णांची सेवा वेगळी, खाटांची वेगळी, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा. आकृतीत देखणं दिसतं. पण साधा वॉर्डबदल घ्या. जुनी खाट मोकळी, नवी भरलेली, रुग्णाचं ठिकाण बदललेलं. एका डेटाबेसात हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं: झालं तर तिन्ही, नाहीतर काहीच नाही. तीन सेवांत वाटलंत आणि मध्येच नेटवर्क गेलं, तर रुग्ण दोन्ही वॉर्डांत किंवा कुठेच नाही. मग झालेलं उलटवणारा कोड लिहा, निरोप दोनदा आला तर ओळखणारा कोड लिहा. जमतं हे, पण रात्री जागी राहणारी टीम लागते. रुग्णालयाच्या आयटी विभागात माणसं मोजकी, आणि त्यातलं एक कायम प्रिंटरपाशी अडकलेलं.

म्हणून रुग्णाची ओळख, दाखल झाल्याची नोंद आणि खाट ही तीन एकाच घरात नांदू द्यावीत: एक प्रोग्राम, एक डेटाबेस, आत मॉड्यूलच्या पक्क्या भिंती. अशा एकसंध प्रोग्रामला मोनोलिथ म्हणतात. हे नाव काढलं की लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या मम्प्स या प्रोग्रामिंग भाषेतल्या (हो, गालगुंडाचंच नाव!) अशाच एकसंध प्रणालींवर मोठमोठी रुग्णालयं आजही चालतात.

बाकीचे विभाग बाहेर, निरोपांच्या रांगेने जोडलेले. प्रयोगशाळेचा सर्व्हर झोपला तरी दाखल करणं थांबत नाही, निरोप रांगेत उभा राहतो.

आणि सगळंच बंद पडलं तर? १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम पसरला, तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक रुग्णालयांत कागद-पेन बाहेर आले. त्यासाठी नंबरांचा एक गठ्ठा आधीच राखून ठेवावा लागतो. सिस्टीमने ते नंबर दुसऱ्या कोणाला द्यायचे नाहीत. नंतर नोंद चढवताना दोन वेळा लागतात: घटना कधी घडली आणि ती टाइप कधी झाली.

(दृश्य: खिडकीखालचा खण उघडतो.)

खणात मनगटपट्ट्या आहेत, नंबर आधीच छापलेले. सव्वादोनला सिस्टीम बंद असती, तर त्या माणसाच्या हाताला यातलीच सगळ्यात वरची पट्टी बांधली असती.