कॅलेंडुला म्हणजे आपला झेंडू नव्हे

आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या माहेरी होमिओपॅथीची एक पेटी असायची आणि तिच्यात एक तपकिरी बाटली: कॅलेंडुला मदर टिंक्चर. गुडघा खरचटला की आई वाटीभर पाण्यात त्याचे थेंब टाकून जखम धुवायची. नाव घरोघरी पोचलं ते असं, बाटलीतून. फूल कुणी पाहिलंच नाही. त्यामुळे आज घरी तेलं आणि साबण करणाऱ्या कितीतरी जणी दसऱ्याचा झेंडू वाळवून तेलात घालतात आणि लेबलवर मोठ्या विश्वासानं 'कॅलेंडुला' लिहितात. फसवायचं कुणाच्याच मनात नसतं, पण गिऱ्हाइकाच्या हातात भलतंच काही पडतं.

म्हणून मी दोन्ही फुलं आणली आहेत. पुढे द्या, हातात घेऊन बघा. हा झेंडू, शास्त्रीय नाव टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोकडचा. पान कातरलेलं, चुरगळलं की तो ओळखीचा उग्र वास. बी काडीसारखं, काळं, टोकाला फिकट तूस. आणि हा माझ्या कुंडीतला कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस, भूमध्य समुद्राच्या बाजूचा. आपल्याकडे थंडीत छान फुलतो. पान अखंड, लांबट. बी चंद्रकोरीसारखं वाकडं, पाठीवर खरखरीत. आता फुलाच्या खालच्या हिरव्या वाटीला बोट लावा. चिकटलं? ती राळ आहे. फुलं खुडून झाली की माझी बोटं तेल लावून पुसावी लागतात. बोटं चिकट झाली नाहीत, तर फुलात दम नाही असं मी समजते.

या फुलातले सूज उतरवणारे मुख्य घटक म्हणजे फॅराडिऑलची एस्टर, म्हणजे एक प्रकारची तेलकट संयुगं. ती तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. म्हणून फुलं उकळलेल्या पाण्यात रंग दिसला तरी ही एस्टर त्यात फारशी उतरत नाहीत. कारखान्यात ती कार्बन डायऑक्साइडनं काढतात: प्रचंड दाबाखाली, 31 अंश सेल्सियसच्या वर हा वायू द्रावकासारखा वागतो, आणि दाब सोडला की उडून जातो. मागे उरतो नारिंगी, घट्ट अर्क. घरी आपल्याला तेलात मुरवणंच जमण्यासारखं आहे. सूर्यफुलाचं तेल, पूर्ण वाळलेली फुलं, चार ते सहा आठवडे.

'पूर्ण वाळलेली' यावर मी अडून बसते, कारण माझी एक अख्खी बरणी गेली आहे. पाकळ्या कुरकुरीत लागल्या म्हणून मी फुलं तेलात घातली. तिसऱ्या आठवड्यात तळाशी गढूळ थर आला, झाकण उघडल्यावर आंबूस वास. ती हिरवी वाटी आतून ओलीच होती. ती सगळ्यात शेवटी वाळते. तेव्हापासून मी दर घाण्यातली दोन-चार फुलं नखानं फोडून बघते.

उपयोग खरंच होतो का? फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या 254 स्त्रियांवर एक चाचणी झाली. ती 2004 साली प्रसिद्ध झाली. कातडीचा मध्यम किंवा तीव्र दाह कॅलेंडुला मलम लावणाऱ्या 41 टक्के जणींना झाला, तर तिथे अशा वेळी नेहमी दिलं जाणारं ट्रोलामाइनचं मलम लावणाऱ्या 63 टक्के जणींना. मला हे मोलाचं वाटतं. पण ते एका ठरावीक मलमाबद्दल आहे. त्या आकड्यांवर आपला साबण विकायचा नाही.

आता सुगंध. मुरवलेल्या कॅलेंडुला तेलाला वाळल्या गवतासारखा मंद वास असतो, बस्स. मेणाच्या अत्तरात ते आधार म्हणून सुरेख बसतं, केशरी झाक देतं, पण दरवळ दुसऱ्या कशाचा तरी असतो. तो कशाचा, ते लेबलवर लिहा. कनौजला चंदनाच्या तेलावर 'गेंदा' अत्तर उतरवतात, ते झेंडूचं. झेंडूच्या सुगंधी तेलात हिरव्या सफरचंदाची आठवण देणारी तीक्ष्ण छटा असते आणि अत्तरात ती मला फार आवडते. मात्र हे तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजू शकते. युरोपात अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत टॅजेटिसच्या ज्या तेलांना परवानगी आहे, त्यांचं प्रमाण 0.01 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. नावांची गल्लत मला साधी वाटत नाही ती यामुळे.

शेवटी गाजरगवत. 1950च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. कित्येक शेतकऱ्यांच्या मानेवर, हातांवर त्यानं खाज आणि चट्टे आणले. कॅलेंडुला, शेवंती, झेंडू, गाजरगवत हे सगळं एकाच कुळातलं. म्हणून तेल देण्याआधी मी विचारते, "गाजरगवतानं अंग खाजतं का?" खाजत असेल तर मी ते तेल देत नाही. बाकीच्यांनाही कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दोन दिवस थांबायला सांगते. तोवर चेहऱ्याला लावायचं नाही.