गिझर थंड पडला म्हणजे एलिमेंटच गेला का?

श्रोतेहो, नमस्कार. गिझरचा दिवा लागलेला असतो, अर्धा तास उलटून जातो आणि नळाला मात्र गारच पाणी येते, तेव्हा घरातले सगळे एकमुखाने एलिमेंट, म्हणजे टाकीतली पाणी तापवणारी नळी, जळाल्याचा निकाल देऊन मोकळे होतात. हाच निकाल मीही एकदा दिला होता, तोही नरक चतुर्दशीच्या पहाटे, सोलापूरला आत्याच्या घरी.

पाटाभोवती रांगोळी झाली होती, उटणे कालवून ठेवले होते आणि गिझर थंड होता. आत्याने गॅसवर दोन पातेली चढवून सगळ्यांची अभ्यंगस्नाने उरकली. बादली आणि तांब्या असला की पातेलेभर पाण्यातही माणसाचे भागते, शॉवरखाली मात्र पंधरा लिटरचा गिझरही पुरत नाही, असे माझे जुने मत आहे, असो. पाडवा झाल्यावर मी २००० वॉटचा नवा एलिमेंट आणला आणि जुना उतरवला. बोअरच्या पाण्याने त्याच्यावर क्षारांचे एवढे जाड पांढरे कवच चढले होते की आतली नळी दिसतच नव्हती. त्याचे खपले शहाबादी फरशीवर पडले, तेव्हा मी विजयी स्वरात म्हणाले, "बघ, मेलाच होता."

नवा एलिमेंट बसवला, टाकी भरली, वीज दिली. अर्ध्या तासाने पाणी पूर्वीइतकेच गार. वीज बंद करून मी पुन्हा झाकण उघडले, तेव्हा मागे उभ्या असलेल्या आत्याने विचारले, "अगं, हे तांबडं बटण कशाचं?" ते थर्मल कटआउटचे होते. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ते उडते आणि एलिमेंटची वीज तोडते. दाबल्याबरोबर 'टक्' असा आवाज झाला आणि त्या दिवशी गरम पाणी आले. पाणी पुरेसे तापले की वीज थांबवणारा थर्मोस्टॅट चिकटल्यामुळे कटआउट उडाले होते, म्हणून नंतर तोही बदलावा लागला. जुना एलिमेंट मल्टिमीटरला लावला तर ठणठणीत! आत्याने तो खरवडून बिस्किटांच्या डब्यात ठेवला आहे, आणि दर दिवाळीला "हा बघ, तुझा मेलेला" म्हणून बाहेर काढते.

म्हणून आधी मोजावे, मग उतरवावे. मोजण्यापूर्वी एमसीबी, म्हणजे वीजफलकावरचा खटका, बंद करावा, प्लग काढावा आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी. एलिमेंटच्या तारा सोडवून मीटर ओहमवर ठेवावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण २६ ओहम भरतो; मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. मीटरचे एक टोक एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरे त्याच्या बाहेरच्या धातूला लावल्यावर मात्र काहीही दिसता कामा नये. दिसले तर वीज त्या धातूत उतरते आहे, आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका, वारंवार उडण्याचे कारण बहुधा हेच असते. ज्या घरात अर्थिंगच नाही, तिथे आधी वायरमनला बोलवावे.

बदलताना पाण्याची तोटी बंद करून टाकी रिकामी करावी, सांध्यातले रबरी गॅस्केट नवेच घालावे आणि नट समोरासमोरचे आलटूनपालटून आवळावेत. गरम पाण्याच्या नळाला सलग धार येईपर्यंत, पुन्हा सांगते, सलग धार येईपर्यंत एमसीबी चालू करू नये, कारण कोरड्या टाकीत नवाकोरा एलिमेंटही पाहता पाहता जळून जातो.