पाच सामन्यांचा खेळाडू

श्रोतेहो, नमस्कार.

स्पॅनिश कोच म्हटलं की पेप ग्वार्डिओलाचं नाव आधी येतं. आधी गाजलेला खेळाडू, मग गाजलेला कोच. आज मी बोलणार आहे तो माणूस मात्र खेळाडू म्हणून कधी गाजलाच नाही. उनाई एमेरी.

जन्म १९७१चा, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या ओंदारिबिया या बास्क गावातला. फुटबॉल घरातच. वडील गोलकीपर, आजोबाही गोलकीपर. आजोबा शेजारच्या इरुन शहरातल्या रेआल उनिऑन क्लबकडून खेळायचे. १९२९ साली ला लिगा, म्हणजे स्पेनची सगळ्यांत वरची लीग सुरू झाली, आणि तिच्या इतिहासातला पहिला गोल याच आजोबांवर झाला असं सांगतात. घराण्याचा असाही एक विक्रम! तो क्लब पुढे पार खालच्या पायरीवर घसरला. २०२१मध्ये एमेरी कुटुंबानं तो विकतच घेतला.

उनाई स्वतः मिडफिल्डर. रिआल सोसिएदादच्या मुख्य संघातून ला लिगात खेळला फक्त ५ सामने. बाकी सगळी कारकीर्द तोलेदो, लेगानेससारख्या संघांकडून खालच्या विभागांत. डाव्या पायात चांगली कला होती म्हणतात, पण मैदानात उतरलं की दडपण यायचं.

२००४च्या डिसेंबरमध्ये तो मुर्सिया प्रांतातल्या लोर्का या छोट्या क्लबात होता. तिसऱ्या स्तरावरचा संघ, गुडघा दुखावलेला, वय ३३. क्लबनं कोचला काढलं आणि यालाच विचारलं, संघ सांभाळतोस का? कालपर्यंत ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आता संघातून वगळायचं. सोपं नसतं ते. पण त्याच मोसमात लोर्का वरच्या विभागात गेलं, आणि तेही कुणाला हरवून? आजोबांच्या रेआल उनिऑनला.

मग अल्मेरियाला त्यानं ला लिगात आणलं, आणि पुढं व्हॅलेन्सियाला तीनदा तिसऱ्या क्रमांकावर. त्याच्या व्हिडिओंचे किस्से इथलेच. प्रतिस्पर्ध्याचा खेळ कापून कापून तो खेळाडूंना तासन् तास दाखवायचा. होआकिन हा विंगर गमतीनं म्हणाला होता, इतके व्हिडिओ पाहिले की पॉपकॉर्न संपले! आणखी एक किस्सा सांगतात. एक खेळाडू घरी व्हिडिओ बघत नाही, असा त्याला संशय होता. त्यानं त्याच्या हातात कोरा पेन ड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, पाहिलास? गडी म्हणाला, हो, छान होता.

सेविया हे त्याचं सोन्याचं पर्व. २०१४, २०१५, २०१६, सलग तीन वर्षं युरोपा लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा जिंकली. मग पॅरिसच्या पॅरिस सेंट-जर्मेन क्लबला गेला. २०१७मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेत, घरच्या मैदानावर बार्सिलोनाला ४-० हरवलं आणि परतीच्या सामन्यात ६-१ हरून बाहेर पडला. पुढं लंडनच्या आर्सेनलमध्ये त्याच्या इंग्रजीची, ‘गुड ईव्हनिंग’च्या उच्चाराची टिंगल झाली. मला ती तेव्हाही खटकली होती. संघ हरत होता, त्यावर बोला ना. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये नोकरी गेलीच.

पुढच्या वर्षी तो विलारिआलला आला. जेमतेम पन्नासएक हजार वस्तीचं गाव. २०२१ची युरोपा लीग फायनल पोलंडमधल्या ग्दान्स्कमध्ये, समोर मँचेस्टर युनायटेड. १-१ बरोबरी, मग पेनल्टी. दोन्ही संघांचे दहाही खेळाडू गोल करून मोकळे झाले, आता पाळी गोलकीपरांची. विलारिआलच्या रुलीनं स्वतः गोल मारला आणि लगेच डे हेआचा फटका अडवला. ११-१०! विलारिआलची ती पहिली मोठी ट्रॉफी, आणि एमेरीची चौथी युरोपा लीग.

नोव्हेंबर २०२२मध्ये तो इंग्लंडच्या ॲस्टन व्हिला क्लबात आला, तेव्हा संघ तळाच्या तीन जागांच्या, म्हणजे खालच्या विभागात ढकलणाऱ्या जागांच्या, जरा वर घुटमळत होता. पहिल्याच सामन्यात युनायटेडला ३-१ हरवलं. मोसम संपला तेव्हा व्हिला सातव्या क्रमांकावर, त्यापुढच्या मोसमात चौथ्या. त्याची खूण म्हणजे बचावफळी खूप पुढं आणून समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडणं. यात धोका असतो, एक खेळाडू अर्धं पाऊल मागं राहिला की सगळं कोसळतं. म्हणूनच ते तासन् तासांचे व्हिडिओ.

चौथ्या क्रमांकानं चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळवून दिला. २ ऑक्टोबर २०२४ला व्हिला पार्क या घरच्या मैदानावर जर्मनीचं बायर्न म्युनिक आलं. बदली म्हणून उतरलेल्या दुराननं बायर्नचा गोलकीपर नॉयर पुढं बाहेर आलेला पाहिला आणि लांबूनच चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. १-० विजय. १९८२ साली युरोपियन कपच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्याच जुन्या रूपाच्या, फायनलमध्ये व्हिलानं याच बायर्नला हरवलं होतं, आणि तेव्हाही स्कोअर होता १-०.

नमस्कार.