गालिच्यावर वाळलेलं प्लास्टर

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी सरली, अंगणातले किल्ले उतरले. समोर अजिंक्यतारा दिसत असताना साताऱ्यातली पोरं किल्ला केल्याशिवाय राहतील कशी? माती-विटांचे किल्ले अजून होतात, पण बुरूज आणि मावळे हल्ली बऱ्याच घरांत प्लास्टर ऑफ पॅरिसचे, साच्यात ओतून केलेले असतात. ओतकाम चालतं आतल्या खोलीत, गालिच्यावर फतकल मारून. वाडगा कलंडतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गालिच्यात दगड बसलेला असतो.

मग आपण गरम पाण्याची बादली आणतो. ती जरा बाजूला ठेवा.

हे प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. साधारण 150 अंशांना भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडतं. आपण कालवताना ते परत मिळालं की तो पुन्हा दगड होतो, आणि होताना चांगलाच तापतो. (म्हणून मुलांना ठशासाठी ओल्या प्लास्टरमध्ये हात बुडवून ठेवू देऊ नका, भाजतं.) असा घट्ट झालेला जिप्सम 1 लिटर पाण्यात जेमतेम 2 ते अडीच ग्रॅम विरघळतो. 100 ग्रॅमच्या गोळ्याला 40 लिटर तरी पाणी लागेल. तेवढ्यात गालिचा कुजेल. व्हिनेगरचंही तेच. चुन्याच्या डागावर ते चालतं, जिप्समपुढे त्याचं फारसं काही चालत नाही.

तेव्हा आधी कोरडं काम. गोळा पूर्ण वाळू द्या. नाकाला रुमाल बांधा. पक्कडीत थोडा थोडा धरून दाबा, कडेकडेनं फोडत आत या. ओढू मात्र नका. धागे मुळापासून उपटून येतात आणि ते टक्कल कायमचं राहतं. मोकळा गालिचा असेल तर गच्चीवर पालथा टाकून पाठीमागून काठीनं हलके ठोका, निम्मा चुरा तिथंच गळतो. उरलेला व्हॅक्युम क्लीनरनं ओढा आणि लगेच त्याची पिशवी झटका, ही पूड फार बारीक असते.

धाग्यांना चिकटून राहिलेल्या कणांसाठी आता पाणी. भिजलेला जिप्सम ठिसूळ होतो, तेवढाच त्याचा उपयोग. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि डागावर 10-15 मिनिटं ठेवा. मग जुन्या कंगव्यानं धागे विंचरा, पांढऱ्या कापडानं टिपा. लोकरीला गरम पाणी लावू नका. तागाच्या गालिच्यावर पाण्याचे तपकिरी डाग पडतात, तिथं कोरड्या कामावरच थांबलेलं बरं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं प्लास्टरच्या गणेशमूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट सुचवलं, ते इथं का नको, असं कुणी विचारेल. मूर्ती बादलीत असते आणि तिला दोन-तीन दिवस देता येतात. गालिच्यात त्यातून तयार होणारी खडूसारखी पांढरी भुकटी मागं राहील, आणि अमोनियाच्या वासानं खोलीत बसवणार नाही.

राहिलं ते बादलीतलं पाणी. ते मोरीत ओतू नका. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होतं, नळीच्या वळणात बसलं तर प्लंबरलाच बोलवावं लागेल. बादली रात्रभर स्थिर ठेवा, वरचं निवळलेलं पाणी अंगणात टाका आणि तळाचा गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात द्या.