मोटर वर काढण्याआधी

(लातूर इथं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी शेत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बोअरची मोटर चालू होईना, तर तुमचे वडील लगेच मोटर वर काढायला गाडी बोलावतात का? नाही. आधी स्टार्टरपाशी जातात. तिन्ही फेज आहेत का पाहतात, फ्यूज बघतात, शेजाऱ्याची मोटर चालू आहे का विचारतात. त्याचीही बंद असेल, तर बिघाड डीपीवर आहे हे बांधावर उभ्या उभ्याच कळतं. चारशे फूट पाइप उपसायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

त्याच घरातलं लेकरू संगणकापुढं बसलं, की पहिल्या अडचणीला म्हणतं, "फॉरमॅट मारू." मीही तेच करत होतो, आणि ते मला महागात पडलं.

एका कृषी सेवा केंद्रासाठी मी वेबसाइट केली होती. बियाण्याचा साठा, गिऱ्हाइकांची नावं, उधारी, सगळं त्यावर. दुकानातला जुना संगणक घेतला, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकली, वर वेबसाइटची पानं पुरवणारा अपाची, प्रोग्राम लिहायची भाषा पीएचपी आणि नोंदी साठवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस. एका सकाळी दुकानदारांचा फोन: "सर, साइट उघडंना झालीय." डेटाबेस सुरूच होत नव्हता. मी पेनड्राइव्हवर नोंदी काढल्या, फॉरमॅट मारला, सगळं नव्यानं टाकलं. संध्याकाळपर्यंत साइट चालू. दोन महिन्यांनी पुन्हा तोच फोन, पुन्हा तोच उपाय. आणि दोन्ही वेळा गुण आला, म्हणून औषध बरोबर आहे असं मी धरून चाललो.

तिसऱ्यांदा बंद पडली ती ऐन मृगात. दुकानासमोर पेरणीसाठी आलेल्यांची रांग. फॉरमॅटला वेळच नव्हता. नाइलाजानं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं, 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा देऊन यंत्रणेची नोंदवही वाचली. त्यात एक ओळ होती: 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क भरली होती. कशानं? 'डीयू' या आज्ञेनं कुठलं फोल्डर किती जागा खातंय ते पाहिलं. माझाच प्रोग्राम दर क्लिकला एका फाइलीत ओळी लिहीत होता. चाचणीच्या काळात मी ते सुरू केलं आणि बंद करायचं राहिलं. फॉरमॅटनं डिस्क रिकामी व्हायची, म्हणून गुण यायचा. ती फाइल रिकामी केली, जुन्या नोंदी आपोआप छाटायला 'लॉगरोटेट' लावलं. पंधरा मिनिटांत रांग पुढं सरकली.

उबुंटू ज्यावर उभं आहे तो लिनक्सचा गाभा लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ साली जगापुढं ठेवला, तो सर्वांना वाचता येईल असा. हा खुलेपणा बिघाड शोधताना फार कामाला येतो. बऱ्याच सेवांच्या नोंदी 'व्हार' फोल्डरातल्या 'लॉग'मध्ये साध्या मजकुरात असतात, आणि चूक सांगणारा संदेश कुठल्या ओळीतून आला हे मूळ कोडमध्ये शोधता येतं. शिवाय जगातले बहुसंख्य वेब सर्व्हर लिनक्सवरच चालतात. घरच्या जुन्या लॅपटॉपवर तुम्ही जे निस्तरायला शिकता, तेच उद्या सर्व्हरवर करायचं असतं.

एक नेहमीची अडचण पटकन सांगतो. प्रकल्पाचं फोल्डर होममध्ये, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात, ठेवलं की अपाची '४०३', म्हणजे 'प्रवेश नाही', असा संदेश देतो आणि पोरं सगळ्या फाइलींना ७७७, म्हणजे कुणीही वाचावं, बदलावं, चालवावं अशी, परवानगी देऊन मोकळी होतात. कृपा करून असं करू नका. वाड्यातली आतली खोली उघडी असली तरी दिंडी दरवाजा बंद असेल तर पाहुणा आत कसा येईल? उबुंटू २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर इतरांना बंदच असतं. अडथळा तिथं आहे. प्रकल्प 'व्हार' मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये हलवा.

आता आपल्या मराठीकडे येतो, कारण हे परक्या भाषेतल्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. पडद्यावर मराठी बिघडली तर ती कशी बिघडली ते नीट पाहा. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर संगणकात देवनागरी फाँट नाही. मजकूर शाबूत आहे, नोटो किंवा लोहित हा फाँट टाका. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए' (à) पुन्हा पुन्हा दिसला, तर मजकूर यूटीएफ-८ मधला, म्हणजे सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीतला, आहे पण वाचणारा प्रोग्राम त्याला फक्त रोमन अक्षरांच्या जुन्या लॅटिन पद्धतीतला समजतोय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट कायम तोच, म्हणून तो 'ए' सारखा येतो. हे बहुधा दुरुस्त होतं. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि ती डेटाबेसमध्येही तशीच असली, तर मूळ अक्षरं गेली. मायएसक्यूएलमध्ये ८.० आवृत्तीआधी आपण काही सांगितलं नाही तर अक्षरं लॅटिन पद्धतीनं साठवली जायची. तिथं देवनागरीला जागाच नाही. डेटाबेसमधला तक्ता तयार करतानाच 'यूटीएफ८एमबी४' (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहायचं.

त्याच कृषी केंद्रात मी ते लिहिलं नव्हतं. दोनशेवर गिऱ्हाइकांची नावं प्रश्नचिन्हं होऊन बसली. पेनड्राइव्हवरच्या नोंदींतही तीच. उधारीचे आकडे होते, पण कुणाची उधारी ते कळेना. दुकानदारांनी कपाटातून लाल कापडात बांधलेली जुनी वही काढली. ते गाव आणि नाव वाचत गेले, मी टाइप करत गेलो. आठ दिवस, रोज दुकान बंद झाल्यावर.