चीनला ठाऊक नसलेली चिनी म्हण

(दृश्य : छापील जाहिरातीचं पान, चिनी अक्षरांवर कॅमेरा स्थिर)

हे पान नीट बघा. तारीख 10 मार्च 1927. 'प्रिंटर्स इंक' या अमेरिकेतल्या जाहिरातवाल्यांच्या साप्ताहिकातलं. ओळ आहे : एक चित्र दहा हजार शब्दांच्या तोडीचं. लांबलचक वर्णनानं जे साधत नाही, ते चित्र क्षणात सांगून जातं, असा तिचा अर्थ. सोबत चिनी अक्षरं, आणि ही चिनी म्हण आहे असं ठासून सांगितलेलं.

लिहिणारे फ्रेड बर्नार्ड. ट्रामगाड्यांमधली जाहिरातींची जागा विकणं हा त्यांचा व्यवसाय.

(दृश्य : जुनी ट्राम, आतून)

वर बघा, खिडक्यांच्या डोक्यावर. पाट्यांची ही रांग. समोरच्या बाकावर बसलेल्या उतारूची नजर वर गेली की थेट तिथेच. साबण, बिस्किटं, बेकिंग पावडर. एवढ्याशा पाटीवर मजकूर मावणार किती? म्हणून रंगीत चित्र. पण पैसे मोजणाऱ्या कारखानदाराला ते पटायला हवं ना! त्यासाठी बर्नार्ड यांनी 8 डिसेंबर 1921 लाही याच साप्ताहिकात जाहिरात दिली होती. तेव्हाची ओळ होती, 'एक नजर हजार शब्दांच्या तोडीची'. आणि ती म्हणे एका प्रसिद्ध जपानी तत्त्ववेत्त्याची. कोण तो? नाव दिलेलं नाही. सव्वापाच वर्षांत जपानी तत्त्ववेत्ता गेला, चिनी म्हण आली, हजाराचे दहा हजार झाले. चिनी म्हटलं की लोक गांभीर्यानं घेतील, हा त्यामागचा हिशेब. म्हणींचे संग्राहक बर्टन स्टीव्हन्सन यांनी तो नोंदवून ठेवला आहे.

खरं तर हा विचार अमेरिकेत आधीपासून फिरत होता. मार्च 1911 मध्ये सिरॅक्यूज शहरात, जाहिरातदारांच्या मेजवानीत संपादक आर्थर ब्रिस्बेन यांनी सांगितलं होतं, "चित्र वापरा. ते हजार शब्दांच्या मोलाचं असतं." 1913 मध्ये ओहायोतल्या पिक्वा गावच्या मोटार-सामानाच्या दुकानानं 'एक नजर, हजार शब्द' असं छापलं. यातल्या कुणालाही चीनची आठवण झाली नव्हती.

बर्नार्ड यांची ओळ मात्र पुढे कन्फ्यूशियसच्या नावावर चढली आणि जगभर गेली.

(दृश्य : लानझोऊ, पिवळी नदी)

चीनचं स्वतःचं जुनं वचन वायव्य चीनमधल्या या लानझोऊ भागाशी जोडलेलं आहे. इसवी सनापूर्वी 61. पश्चिम सीमेवर च्यांग टोळ्यांनी उठाव केलेला. हान सम्राट श्वान यानं सत्तरी ओलांडलेल्या सेनापती झाओ चोंगग्वो यांना विचारलं, किती फौज लागेल? त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाले, "शंभरदा ऐकण्यापेक्षा एकदा पाहणं बरं." सीमेवरच्या जिनचेंगला, म्हणजे याच भागात, आपण दौडत जाऊ, तिथून नकाशा काढून बेत कळवू, एवढंच त्यांनी मागून घेतलं. चित्र इथेही आहे, नकाशाचं, पण ते जागा डोळ्यांनी पाहिल्यानंतरचं. हे वचन चिनी माणूस आजही बोलतो, आणि त्यामागे एक खरा, नाव असलेला माणूस उभा आहे.

झाओ सीमेवर गेले. दरबाराला झटपट हल्ला हवा होता. जे पाहिलं त्यावरून त्यांनी उलट सल्ला पाठवला : घोडदळ मागे घ्या, पायदळाला इथेच शेती करायला बसवा. पत्रामागून पत्रं गेली आणि शेवटी सम्राटानं ते मान्य केलं.