दुसरी बाजू

(काळ्या पडद्यावर टेपरेकॉर्डरचा खटका. मग फीत फिरल्याचा आवाज.)

बडोदा. दांडिया बाजारातला जुना वाडा. माडीवर जाणाऱ्या लाकडी जिन्यातच गाणं कानावर येतं. दोन बायकांचे एकमेकांत मिसळलेले आवाज, मागे पियानो. अब्बा, स्वीडनचा पॉप बँड. पण गाणं पेंगल्यासारखं चाललंय, आवाज जड झालेत.

दोष गाण्याचा नाही, पट्ट्याचा आहे.

टेपरेकॉर्डर उघडला की हा रबरी पट्टा दिसतो. मोटरीची गती तो चाकाला देतो. वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर सैल होतो, कधी वितळून डांबरासारखा चिकटतो. माझे काका तो काडीने खरवडतात, चाक स्पिरिटने पुसतात, नवा पट्टा चढवतात. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकली पाहिजे. थोडी जरी रेंगाळली तरी सूर उतरतो. काका मोजत नाहीत. डोळे मिटून ऐकतात आणि मोटरीचा स्क्रू केसभर फिरवतात.

(फक्त गाणं. सूर जागेवर येईपर्यंत.)

आता ही कॅसेट बघा. 90 मिनिटांची. लेबलावर निळ्या शाईत काकांचं कॉलेजातलं अक्षर. एका बाजूला बोनी एम, दुसऱ्या बाजूला क्वीन, दोन्ही परदेशी बँड. आत साधारण 130 मीटर फीत, रुंदीला चार मिलिमीटरही नाही. पाच बारीक स्क्रू काढले की कवच उघडतं. आवाज वाचणाऱ्या हेडला फीत टेकवून धरणारं हे नखाएवढं पॅड, त्याचा डिंक सुकून ते निखळलंय. नवं चिकटवायचं, मग षटकोनी पेन्सिल चाकाच्या दात्यांत घालून फीत गुंडाळायची.

“हळू हं, ताणू नकोस,” काका मला दटावतात. “ताणली की गेली.”

फितीच्या कडेवरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. बडोद्याचा पावसाळा फितीला मानवत नाही.

बोनी एममधला पुरुषाचा भारदस्त आवाज आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचा. स्टेजवर नाचायचा बॉबी फॅरेल, पण रेकॉर्डवरचा तो आवाज त्यांचा निर्माता फ्रँक फॅरियनचा. आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी? जन्म झांझिबारचा, 1946 सालचा. खरं नाव फारुख बुलसारा. बुलसार म्हणजे आपलं वलसाड, बडोद्याहून मुंबईला जाताना लागतं ते. शाळा पाचगणीची, आणि पहिला बँडही त्याने त्या शाळेतच मित्रांबरोबर केला. तरी घरात कुणीतरी विचारतंच, हे परकं संगीत कशाला जपायचं?

हा सूरसागर तलाव. याच्याच काठावर आपलं संगीत महाविद्यालय. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायनशाळा सुरू केली, गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवली. त्यांनी गाणं कागदावर उतरवायची लिपी बसवली. त्याच दरबारात पाश्चात्य वाद्यांचा बँडही वाजायचा. गाणं टिपून ठेवायची सवय या गावाला जुनी आहे. माडीवरच्या या कॅसेटी मला त्याच रांगेतल्या वाटतात.

(काकांचे हात. रेकॉर्डच्या कव्हरवर काळ्या रंगात प्रिझम.)

पिंक फ्लॉइड या बँडची ‘द डार्क साइड ऑफ द मून’, 1973. या रेकॉर्डसाठी काका स्वतः धुतलेला मऊ पंचा काढतात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब. मधलं लेबल कोरडं ठेवायचं, पुसायचं खाचेच्या दिशेने गोल, आडवं कधीच नाही. एका बाजूची खाच सरळ पसरली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. तेवढी वाट सुई वीस-बावीस मिनिटांत चालते.

सुरुवात हृदयाच्या ठोक्यांनी. पहिली बाजू संपते एका बाईच्या आवाजावर. क्लेअर टॉरी. गाण्याला शब्द नाहीत, नुसता आकार. आवाज चढतो, फुटतो, हळूहळू विझतो. मग सुई मध्याशी येऊन नुसती खरखरत राहते. कुणीतरी उठायचं, रेकॉर्ड उचलायची, उलटायची. दुसरी बाजू सुरू होते ती थेट गल्ल्याच्या खणखणाटाने, नाण्यांच्या आवाजाने. मधली ती शांतता तुम्हाला उठून स्वतः पार करावी लागते.

फोनवर ती शांतता येत नाही. आकार विझायच्या आत नाणी वाजायला लागतात, नाहीतर मध्येच तिसऱ्याच कुणाचं गाणं सुरू होतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: आवडतं एखादं गाणं ऐकून थांबू नका. अख्खी बाजू ऐका, ज्या क्रमाने त्यांनी ती रचली त्याच क्रमाने. माळ्यावर खोका असेल तर आधी उघडा, देऊन टाकायचं की नाही ते मग ठरवा.

शेजारच्या वाड्यातले दोन खोके या जूनमध्येच पस्तीवाल्याकडे, रद्दीत गेले.

संध्याकाळचे सहा. खालून स्कूटरचे हॉर्न ऐकू येताहेत. काकांचा पुतण्या असूनही रेकॉर्ड उलटायचं काम आजवर मला कधी मिळालं नव्हतं. आज ते म्हणतात, “तू उलट.”

मी दोन्ही तळव्यांत कडा धरतो. खाचेला बोट लागू देत नाही.

(सुई टेकते. खरखर. गल्ला.)